पन्नाशीच्या आतल्या गाड्यांचे काय?

१९७४ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रीमियर पद्मिनी आज कायद्याने 'विंटेज' ठरू शकते. त्याच कारखान्यात १९८४ साली बनलेली पद्मिनी ठरू शकत नाही. दोन्हींचे इंजिन १०८९ सीसीचे, स्टिअरिंगजवळचा दांडीचा गिअर सारखा, पत्र्याची ठेवणही जवळपास एकच. तरी पहिलीला वारसा म्हणून मान मिळतो, आणि दुसरीच्या मालकाच्या वाट्याला दर पाच वर्षांनी आरटीओतले पासिंग, वाढत गेलेले शुल्क, पर्यावरण कर आणि 'अजून भंगारात दिली नाही का?' हा प्रश्न येतो.

पुण्याच्या खडकीसारख्या ठिकाणी हा फरक जास्त खुपतो. जुना मुंबई-पुणे रस्ता या गावाला खेटूनच बोपोडीकडे जातो आणि हॅरिस पुलावरून मुळा ओलांडून दापोडीला लागतो. रविवारी सकाळी, रहदारी वाढण्याच्या आत, या रस्त्यावर अजूनही एखादी फियाट, अँबॅसिडर किंवा लष्कराच्या लिलावातून सुटलेली जोंगा दिसते. हे मालक काही संस्थानिकांचे वारस नव्हेत. कुणाच्या वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून फियाट घेतलेली असते. ती विकायची नाही एवढेच घरात ठरलेले असते. एखाद्या मैदानावर किंवा शाळेच्या आवारात जुन्या गाड्यांचा मेळावा भरला, की ही गाडी धुऊन-पुसून निघते आणि दुपारच्या आत घरी परतते. भारताच्या मोटारींचा इतिहास रस्त्यावर जिवंत ठेवण्याचे काम आज प्रामुख्याने हीच माणसे करत आहेत. नियम मात्र त्यांना डोळ्यांसमोर ठेवून झालेले नाहीत.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून विंटेज वाहनांची पहिली स्वतंत्र व्याख्या केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज मानायची. नव्याने नोंदणी करण्यासाठी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये. नव्या नोंदणीला 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक, आणि आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवण्याची मुभा. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. हे पाऊल चांगलेच होते. त्याआधी १९३० सालची मोटार आणि कालपरवा पंधरा वर्षांची झालेली मोटार यांना एकाच तराजूत तोलले जात होते.

अडचण पन्नास या आकड्यात आहे. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' १९६६ पासून काम करते आणि गाडी ऐतिहासिक ठरण्याचे वय तीस वर्षे मानते. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांच्या, नीट राखलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहनाचा वेगळा क्रमांक मिळतो. ब्रिटनमध्ये चाळिशी ओलांडली आणि मोठे फेरफार केलेले नसले, की रस्ता कर माफ होतो आणि वार्षिक तपासणीची सक्तीही उठते. भारतात मोटार उद्योगच उशिरा उभा राहिला. वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली ती १९४४ साली. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसिडर रस्त्यावर आली पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस. ज्या देशाचा उद्योग तरुण, त्या देशाने सगळ्यांपेक्षा कडक वयोमर्यादा घालावी, याला काही पटण्याजोगे कारण दिसत नाही.

या मर्यादेपायी बाहेर काय राहते ते पाहावे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली पहिली मारुती ८०० पन्नाशी गाठेल ती २०३३ साली. खडकीहून याच रस्त्याने पुढे गेले की आकुर्डी लागते. तिथे बनलेल्या बजाज चेतकने मराठी मध्यमवर्गाची दोन पिढ्या सोबत केली, पण ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या चेतकना वारसा म्हणून कसलेही संरक्षण नाही. पिंपरीत टेल्कोने १९९१ साली काढलेली सिएरा ही तर अस्सल पुण्याची गाडी. ती विंटेज व्हायला २०४१ उजाडावे लागेल. पद्मिनीचे उत्पादन साधारण २००० सालापर्यंत चालले, म्हणजे त्या शेवटच्या गाड्यांना आणखी पाव शतक थांबायचे आहे. तोवर त्यातल्या किती उरतील?

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे उदाहरण ताजे आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरातल्या रस्त्यांवर एकही अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. निदान एक तरी जपा, अशी हळहळ वृत्तपत्रांतून व्यक्त झाली, ती हजारो गाड्या भंगारात गेल्यानंतर.

आता गाडी टिकते कशाने, याविषयी. जुनी मोटार उभी ठेवली की सुरक्षित राहते, हा मोठा गैरसमज आहे. ती उभ्या जागी मरते. कार्बुरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि खाली चिकट थर धरतो. मग जेट चोंदतो आणि गाडी मिस मारू लागते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, चाकाजवळच्या ब्रेक सिलिंडरला आतून गंज चढतो आणि रबराचे वायसर कडक होतात. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. त्यातले एक चाक जरी अडकून राहिले, तरी ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. टायरवरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर आतून वाळलेले असते. बाजूवर कोरलेले चार आकडे वाचले, तर तो टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते कळते. पुण्याच्या पावसाळ्यात गालिच्याखाली पाणी मुरते आणि दिवाळीनंतर कधीतरी पायाखालचा पत्रा हाताला लागतो, चाळणी झालेला.

यावर उपाय साधा आणि स्वस्त आहे. पंधरवड्यातून एकदा गाडी बाहेर काढायची आणि इंजिन पुरते तापेल, गिअरबॉक्समधले तेल पातळ होईल, ब्रेकचे ड्रम गरम होतील इतकी चालवायची. जागच्या जागी दहा मिनिटे इंजिन चालू ठेवणे उलट घातक, कारण सायलेन्सरमध्ये साचलेले पाणी वाफ होऊन बाहेर पडत नाही आणि तो आतून सडतो. खडकी ते देहूरोड आणि परत, एवढी फेरी गाडीला पुरते. मेळाव्याला जायचे असेल तर तयारी आठवडाभर आधी सुरू होते. पॉइंट काढून पॉलिश पेपरने साफ करायचे, फीलर गेज घालून फट मोजायची, प्लगचा रंग बघायचा. तो तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडते आहे, काळा असेल तर जास्त. निपलांमधून ग्रीस मारायचे. रेडिएटरचे होज दाबून पाहायचे. एप्रिल-मे असेल तर डिकीत ओले फडके आणि पाण्याचा कॅन हवाच. सिग्नलला उभी राहून इंजिन तापले, की पेट्रोलची पाइपातच वाफ होते आणि पंपाला ओढायला काही उरत नाही. पंपावर ओले फडके ठेवून थोडे थांबले की गाडी पुन्हा लागते.

म्हणूनच स्थानिक मेळाव्यांना महत्त्व आहे. दिल्ली-मुंबईच्या भपकेबाज स्पर्धांत गाडी अनेकदा ट्रेलरवर चढून येते. खडकीतली फियाट चिंचवडच्या मेळाव्याला स्वतःच्या चाकांवर जाते, आणि जाण्या-येण्याच्या त्या प्रवासातच तिची खरी तपासणी होते. शिवाय तिथे मुले बॉनेट उघडून आत वाकतात, चोकची दांडी ओढून पाहतात. काचेपलीकडे ठेवलेल्या गाडीने हे कधीच साधणार नाही.

खडकीला आणखी एक संचित आहे, त्याची नोंद फारशी होत नाही. १८६९ सालापासूनचा दारूगोळा कारखाना, बॉम्बे सॅपर्सचे केंद्र, लष्करी वाहने दुरुस्त करणारे ५१२ आर्मी बेस वर्कशॉप. या संस्थांमुळे फिटर, टर्नर, मशिनिस्ट यांच्या पिढ्या या भागात घडल्या. ज्या गाडीचा सुटा भाग बनणे पंचवीस वर्षांपूर्वी थांबले, तिच्यासाठी असा कारागीर हाच खरा कारखाना असतो. किंगपिनचे बुश लेथवर वळवून देणे, झिजलेला शाफ्ट भरून पुन्हा मापात आणणे, फुटलेल्या बॉडीचा तुकडा हाताने ठोकून तयार करणे ही कौशल्ये पुस्तकातून येत नाहीत. आजच्या गॅरेजमध्ये शिकणाऱ्या मुलाच्या हाती स्कॅनर असतो, आणि नव्या गाडीसाठी तो हवाच. पण कानाने टॅपेट ओळखणारे मिस्त्री आता सत्तरीत आहेत. औंधच्या आयटीआयसारख्या संस्थेने जुन्या इंजिनांचा आणि पत्रेकामाचा छोटा अभ्यासक्रम काढावा आणि या मिस्त्रींना मानधन देऊन शिकवायला बोलवावे. युरोपात जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीवर हजारो माणसांचे पोट चालते. इथेही चालू शकेल.

सगळ्यात तातडीचा प्रश्न मात्र पेट्रोलचा आहे. देशभर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी धरते, जुन्या रबराचे पाइप आणि पंपाचा पडदा मऊ करते आणि टाकीतला गंज सोडवून थेट कार्बुरेटरपर्यंत नेते. त्यात ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होते आणि इंजिन जास्त तापते. हुशार मिस्त्री जेट एक नंबर मोठा घालतात आणि इथेनॉलला टिकणारे पाइप बसवतात, पण हा खर्च आणि ही माहिती प्रत्येकाच्या आवाक्यातली नाही. या इंजिनांनी याआधीही असा एक फटका खाल्ला आहे. २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले तेव्हा व्हॉल्व्हच्या सीटना मिळणारे संरक्षण गेले. तो निर्णय लोकांच्या आरोग्यासाठी होता आणि पूर्णपणे योग्य होता.

इथेनॉलच्या धोरणामागेही ठोस कारणे आहेत. तेलाची आयात कमी होते, आणि महाराष्ट्रातल्या ऊसकरी शेतकऱ्याला व साखर कारखान्यांना त्याचा थेट लाभ होतो. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. मागणी फक्त पंपावर कमी इथेनॉलच्या पेट्रोलच्या एका वेगळ्या नळाची आहे. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये साध्या पेट्रोलमधले इथेनॉल १० टक्क्यांवर नेले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांचे महाग पेट्रोल मुद्दाम चालू ठेवले. आपल्याकडे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या वाहनांसाठी १० टक्क्यांचे पेट्रोल उपलब्ध ठेवण्याचा विचार होता. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे आता जे करायचे ते सरकारने आणि तेल कंपन्यांनीच. पुणे शहरात कमी इथेनॉलचे पेट्रोल देणारे दोन-तीन पंप पुरेसे आहेत. दर जास्त लावला तरी वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा मालक तो आनंदाने देईल. वाहनांची चाचणी करणारी एआरएआय १९६६ पासून पुण्यातच आहे. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत नेमके कोणते भाग बदलावेत, याची मराठीतली छोटी पुस्तिका तिने काढली, तर राज्यभरच्या गॅरेजांना उपयोग होईल.

प्रदूषणाचा आक्षेप खोटा नाही. या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही आणि दर किलोमीटरमागे त्या नव्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त धूर सोडतात. म्हणूनच सवलत सरसकट नको. तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी एक मधली श्रेणी असावी आणि तिला वार्षिक अंतराची मर्यादा घालावी, समजा अडीच हजार किलोमीटर. दरवर्षी पीयूसीच्या वेळी मीटरवरचा आकडा नोंदवायचा, की फसवणुकीला वाव कमी राहतो. मर्यादा ओलांडली तर श्रेणी रद्द. रोज कामावर नेली जाणारी, धूर ओकणारी गाडी यात बसणार नाही आणि बसूही नये.

त्या बदल्यात मालकाला शुल्कात सूट मिळावी. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,००० रुपयांवर गेले. लाखोंच्या परदेशी गाड्या जमवणाऱ्याला हे जाणवणार नाही. कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला वडिलांची फियाट ठेवायची की नाही, हे मात्र याच आकड्यावर ठरते.

दोन गोष्टी तर स्थानिक पातळीवरच होण्याजोग्या आहेत. विंटेज गाड्यांच्या नियमात 'देखभाल' हा शब्द आहे. इंजिन चालते ठेवण्यासाठी मारलेली फेरी त्यात येते, असे परिवहन विभागाने एका परिपत्रकाने स्पष्ट करावे, म्हणजे चौकात अडवलेल्या मालकाला वाद घालावा लागणार नाही. आणि खडकी कॅन्टोन्मेंट बोर्डाने पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, महिन्यातल्या एका रविवारी सकाळी जुन्या गाड्यांसाठी एखादे मैदान द्यावे. आरटीओच्या निरीक्षकाने तिथेच येऊन पासिंगची तपासणी करावी. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग आणि धूर हे सगळे मैदानावर पाहता येते. मालकाचा एक दिवस वाचेल, आणि निरीक्षकाला एका सकाळी वीस-पंचवीस गाड्या ओळीने उभ्या मिळतील.