वारसा आणि कर्तृत्व

थोरांच्या पोटी जन्म लाभणे हे भाग्य खरे. पण ते कर्तृत्व नव्हे. अभिनेत्री शोभना समर्थ व दिग्दर्शक कुमारसेन समर्थ यांची कन्या नूतन हिला १९५० साली ‘हमारी बेटी’मधून नायिका म्हणून पुढे आणले ते मातेनेच. परंतु ‘सीमा’, ‘सुजाता’, ‘बंदिनी’ यांतील अभिनयाचे श्रेय कोणत्याही वशिल्याला देता येणार नाही. वशिल्याने दार उघडते. आत टिकावे लागते ते गुणांवरच.

आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर रात्ररात्र उभ्या राहणाऱ्या किती मुलींना असे दार उघडून देणारे कोणी असते? गोंदियातील सुशिक्षितांनी नूतनचे कौतुक जरूर करावे. पण दाराशी थांबलेल्या या गुणांचीही कदर करावी. वारशाला मान आपोआप मिळतो; गुणांना तो समाजानेच द्यावा लागतो.