स्वप्नाच्या नावावर फुकट मजुरी

ॲरन सेनी हे नाव अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्यांनाही फलंदाज म्हणून आठवणार नाही. मिझुरी विद्यापीठाकडून खेळलेल्या या मुलाला २०१० साली फ्लोरिडा मार्लिन्सने दहाव्या फेरीत निवडलं. पहिल्या बेसवर खेळणारा हा इनफिल्डर मायनर लीगमध्येच राहिला आणि २०१३ मध्ये त्याचा खेळ संपला. मेजर लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. आकडेवारीच्या वहीत ही कारकीर्द जेमतेम चार ओळींची.

पण मला ती महत्त्वाची वाटते. कारण फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने आणखी दोन माजी खेळाडूंसोबत मेजर लीगवर दावा ठोकला. मागणी साधी होती, किमान वेतन द्या.

मायनर लीग म्हणजे मेजर लीगची शिडी. तिथल्या खेळाडूंचा पगार वरचा मोठा क्लबच देतो. २०२२ पर्यंत सिंगल-ए स्तरावरच्या खेळाडूला वर्षाला सुमारे ११,००० डॉलर मिळत. तेही फक्त हंगामातल्या महिन्यांचे. हंगामापूर्वीच्या सराव शिबिरात रोज घाम गाळायचा, पण पगार नाही. दुसऱ्या क्लबकडे जावं म्हटलं तर तेही शक्य नाही, कारण एकदा सही केली की कित्येक वर्षं तो त्याच क्लबचा. बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून १९२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानेच सूट मिळालेली आहे.

क्लबांचा युक्तिवाद असा की ही नोकरी नाही, उमेदवारी आहे. आवडीने आलात, मग पैशाची तक्रार कशाला? हा युक्तिवाद फार जुना आणि फार सोयीचा आहे. माणसाला काम आवडतं म्हणून त्याचा घरमालक भाडं माफ करत नाही.

२०१८ मध्ये तर अमेरिकन संसदेने खर्चाच्या अवाढव्य विधेयकात 'सेव्ह अमेरिकाज पास्टटाइम' कायदा घुसवला. या खेळाडूंना जादा कामाचा मोबदला नाकारण्याची ही सोय होती. वेतन वाढलं तर लहान गावांतले संघ बंद पडतील, अशी भीती घातली गेली. प्रत्यक्षात काय झालं? २०२१ मध्ये मेजर लीगनेच संलग्न संघ १६० वरून १२० वर आणले. तेव्हा खेळाडूंचा दावा न्यायालयातच पडून होता.

अखेर २०२२ मध्ये १८ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली. त्याच वर्षी मायनर लीगचे खेळाडू संघटनेत आले. २०२३ च्या पहिल्या सामूहिक करारात सिंगल-एचं वेतन २६,२०० डॉलर झालं. ही श्रीमंती नव्हे, पण जगण्यापुरती रक्कम आहे.

काहींना वाटेल, कोर्टात गेला तो हरलेला खेळाडू. मला उलट वाटतं. जो अजून शिडीवर आहे, तो बोलू शकत नाही, उद्या त्याला कोण संधी देईल? खेळ संपलेल्यानेच ते धाडस केलं आणि फायदा झाला तो मुख्यतः मागून येणाऱ्या मुलांचा. चेंडू किती अडवले, धावा किती काढल्या, हा हिशेब क्लबांनी खुशाल ठेवावा. कारकिर्दीची लांबी मोजताना आपण मात्र तिने मागच्यांसाठी काय सोपं करून ठेवलं, हेही मोजलं पाहिजे.