स्पीकर फाटला? आधी उघडून तर बघा!

गेल्या महिन्यात एका शनिवारी घरी गेलो, तर हॉलमधले स्पीकर चादरीखाली झाकलेले. बाबांनी १९९६ साली बोनसमधून घेतलेली जोडी, आठ इंची वूफरवाली. "एक फर्रफर्र करतो रे. चार महिने झाले, लावलेच नाहीत," बाबा म्हणाले.

चार महिने! या माणसाची सकाळ भीमसेनांशिवाय सुरू होत नसे, आणि रोज फोन करून मला पत्ता नाही. मग मी काय केलं? लगेच मोबाईलवर ब्लूटूथ स्पीकर बघायला लागलो.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही खोडच आहे. जुना कोड कळला नाही की म्हणायचं, "नव्यानं लिहू." आणि ऑफिसात कुणी लॉग न बघता असं बोललं की मीच उखडतो. म्हणलं, इथंही लॉग बघू.

आधी डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. फर्रफर्र त्याच स्पीकरमधून, म्हणजे अँप्लिफायर निर्दोष. मग मल्टीमीटर. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण सहा दाखवतो. दाखवला, म्हणजे कॉइल शाबूत. (मीटर नसेल तर दीड व्होल्टचा सेल वायरींना क्षणभर टेकवा, 'टक्' आवाज येऊन कोन हलतो.) शेवटी जाळी काढली आणि गुन्हेगार सापडला. कोनाच्या कडेचं फोमचं कडं. बोट लावलं तर बिस्किटासारखा भुगा! हा फोम पॉलियुरेथेनचा. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन त्याला हळूहळू खातात, स्पीकर वाजवा किंवा नुसता ठेवा. मॅग्नेट, कॉइल, कोन, लाकडी खोकं, सगळं ठणठणीत. मेला होता तो सगळ्यात स्वस्त भाग.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर तयारच होतं : "पार्ट येत नाही सर, नवीन घ्या." तापकीर गल्लीतल्या काकांनी मात्र नुसतं बघूनच सांगितलं, "दोन्हींचा फोम बदला साहेब. एकच बदलला तर दोघांचा आवाज जुळायचा नाही." खरी कारागिरी कॉइल मधोमध बसवण्यात. त्यांनी मधली टोपी उघडली, कॉइलभोवतीच्या फटीत जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या सरकवल्या, मग नवं कडं चिकटवलं. गोंद वाळल्यावर पट्ट्या बाहेर. दोन दिवस, आठशे रुपये.

आता कुणी म्हणेल, प्रत्येक डबड्यासाठी कोण एवढं करणार? कबूल. कॉइल जळालीय आणि तसा कोन मिळतच नाही, तर द्या सोडून. माझ्याच ड्रॉवरमध्ये एक ब्लूटूथ स्पीकर पडलाय. आवाज मस्त, पण बॅटरी गेली, आणि एकही स्क्रू नाही, सगळं चिकटवलेलं. माझा राग या चिकटवण्यावर आहे. २०२२ मध्ये सरकारनं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, चांगलंच केलं. पण विकत घेताना "हा उघडतो का?" असं आपण कधी विचारतो? मी तरी आजवर फक्त वॉट विचारत आलो.

असो. रविवारी सकाळी वायरी जोडल्या, बाबांनी तोडी लावला. दहा मिनिटांनी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, जरा कमी करा!"

बाबांनी केला नाही.