ऋणाचा निर्देश

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याप्रमाणेंच शास्त्रज्ञांचीही एक गुणपत्रिका असते. एखाद्या निबंधाचा उल्लेख इतर संशोधकांनीं किती वेळां केला, ह्यावरून ती तयार होते. अमेरिकेंतील सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट पार (१९२१–२०१७) यांचा ह्या बाबतींत मोठा लौकिक आहे. रेणूंतील इलेक्ट्रॉन एकमेकांस टाळून फिरतात. त्यामुळें ऊर्जेंत पडणारा फरक इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून काढण्याचें सूत्र त्यांनीं ली व यांग यांच्यासह १९८८ सालीं दिलें. २०१४ सालीं 'नेचर' नियतकालिकानें केलेल्या गणनेंत तो निबंध सर्व शास्त्रांत सातवा आला. उल्लेख ४६ हजारांहून अधिक!

परंतु कोन व शाम यांचा १९६५ सालचा जो निबंध ह्या इमारतीचा पाया, तो त्याच यादींत बराच खालीं होता. उलट १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालेल्यांत कोन होते, पार नव्हते. मग थोर कोण? कोणतें हत्यार पुष्कळांच्या हातीं गेलें, एवढेंच अंक सांगतात. विचाराची खोली ते मोजीत नाहींत.

आम्हांस खरा धडा दिसतो तो त्या निबंधाच्या मथळ्यांत. कोले व साल्वेत्ती या इटालियन संशोधकांच्या सूत्राचाच हा विकास होय, असें कर्त्यांनीं तेथेंच सांगून टाकलें आहे. शेजाऱ्याच्या वहींतून उत्तर उतरवून तें आपलें म्हणून मिरविणारांनीं हें ध्यानीं धरावें. पालकांसही विनंती कीं, 'गुण किती मिळाले?' ह्या प्रश्नाबरोबर 'हें कोणापासून शिकलास?' असेंही पाल्यास विचारीत जावें.