गावं अकरा, तिजोरीत भोपळा

काय दोस्तहो, दिवाळीचा फराळ संपला का? माझ्या डब्यात अजून दोन करंज्या शिल्लक आहेत. त्या का शिल्लक राहिल्या, तेही या लेखात कळेल.

या दिवाळीत मी राहूला माझ्या मामाकडे गेलो होतो. राहू हे पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यातलं गाव. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला मुळा-मुठा. मध्ये नजर जाईल तिथवर ऊस आणि मधूनमधून गुऱ्हाळांचा धूर. मामाचा नातू नववीत शिकतो. त्याचं नाव छापायचं नाही, अशी त्याची सक्त ताकीद आहे. म्हणून आपण त्याला ‘सेनापती’ म्हणू या.

मी पोचलो तेव्हा सेनापती संगणकासमोर ठाण मांडून बसले होते. खेळ होता ‘फ्रीसिव्ह’. सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ १९९१ साली आला. त्यावरून डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी १९९५-९६मध्ये ‘फ्रीसिव्ह’ बनवला आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकला. बुद्धिबळासारखाच हा खेळही पाळीपाळीनं खेळायचा. तुमची चाल झाली की दुसऱ्याची. बोटांची कसरत नाही, सगळं काम डोक्याचं. मूठभर माणसं घेऊन गाव वसवायचं, शेती करायची, नवे शोध लावायचे आणि शेजारी चालून आला तर त्याला तोंडही द्यायचं.

“काका, अकरा गावं झाली माझी! एवढी कुणाचीच नाहीत,” सेनापती छाती फुगवून म्हणाले.

खरंच झाली होती. पण नवं गाव वसवायला जुन्या गावातली माणसं न्यावी लागतात, त्यामुळे जुनं गाव लहान होतं. सेनापतींची सगळी गावं अशी रोडावलेली. एकाही गावात बाजार नाही. तेवढ्यात उत्तरेकडून शेजाऱ्याचे घोडेस्वार दिसले. झालं! सेनापतींनी घाईघाईनं गावोगाव फौज उभी करायला घेतली. प्रत्येक तुकडीचा खर्च तिच्या गावावर पडतो, त्यामुळे बाकीची सगळी कामं अडून राहिली.

पाच-सहा चालींत तिजोरीत भोपळा! आणि हा खेळ उधारी ठेवत नाही. पैसे संपले की गावातल्या इमारती तो आपणहून विकतो. आधी ग्रंथालय गेलं, मग देऊळ गेलं. देऊळ गेलं तशी लोकांची कुरकुर वाढली. त्यात गावं फार झाली की नाराजी वाढायचीच, असा या खेळाचा नियमच आहे. तीन गावांत दंगे झाले. दंगा झाला की त्या गावाचा कर बुडतो. कर नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून देऊळ नाही, देऊळ नाही म्हणून पुन्हा दंगा. जेवायची हाक येईपर्यंत अकरातली सहा गावं शेजाऱ्यानं गिळली होती.

सेनापतींनी माऊस आदळला. “कॉम्प्युटर चीटिंग करतो!”

मामा मागं बाजेवर बसून हे सगळं बघत होते. त्यांना संगणकातलं काही कळत नाही, असं ते स्वतःच सांगतात. पण त्यांनी विचारलं, “आरं, अकरा गावं केलीस, पण पाणी किती गावांचं व्हतं?”

“आजोबा, यात पाणी नसतं. पैसे असतात.”

“त्येच रं. आपल्या मोटरीचं पाणी चार एकराला पुरतं. दहा एकर लावला तर सहा वाळत न्हाईत, धाचे धा वाळत्यात.”

मग मामांनी एक गोष्ट सांगितली. मीही ती पहिल्यांदाच ऐकत होतो. सेनापतींचे बाबा लहान होते तेव्हाची. एक वर्ष गुळाला चांगला भाव मिळाला. मामांना वाटलं, आता वाढायचं. शेजारची जमीन खंडानं घेतली, खतासाठी कर्ज काढलं. हातात पैसा यावा म्हणून बेण्यासाठी राखलेला ऊसही गुऱ्हाळात घातला. बेणं म्हणजे पुढच्या लागणीसाठी ठेवलेला ऊस. पुढच्या वर्षी गुळाचा भाव पडला. लावायला घरचं बेणं नाही, ते विकत घ्यावं लागलं. कर्ज फिटेना. शेवटी दावणीच्या दोन म्हशी विकल्या.

“म्हशी गेल्या त्या दिवशी तुझा बाप जेवला न्हाई,” मामा म्हणाले आणि गप्प झाले. सेनापतींनी संगणक बंद केला. त्या रात्री घरात करंज्यांना कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी निघताना मामींनी त्या माझ्या डब्यात भरून दिल्या.

दोस्तहो, अशा खेळांची सगळी गोम मामांच्या तीन शब्दांत आली. रान, बेणं आणि राखण. रान म्हणजे वाढ. ते पाणी पुरेल एवढंच घ्यावं. बेणं म्हणजे बाजार, ग्रंथालय, शेती. त्यातून उद्याची मिळकत येते, म्हणून ते आज खायचं नसतं. आणि राखण म्हणजे फौज. रानडुकरं येतात, तेव्हा राखण हवीच. पण राखणदारही भाकरी खातात. पिकापेक्षा राखणदार जास्त झाले, तर ती भाकरी आणायची कुठून?

हे फक्त पडद्यावर घडतं असं समजू नका. आपल्याच जिल्ह्यातला पुरंदर घ्या. १६६५ साली इथं झालेल्या तहात शिवाजी महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले. हाती उरले १२. पुढच्या वर्षी ते आग्र्याहून सुटून आले. आपण असतो तर दुसऱ्याच दिवशी किल्ल्यांवर चालून गेलो असतो! महाराजांनी तसं केलं नाही. सुमारे तीन वर्षं त्यांनी मोगलांशी मोठी लढाई टाळली आणि राज्यकारभाराची घडी बसवली. फौजही तयार ठेवली. मग ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाणा घेतला आणि पाठोपाठ एकेक किल्ला परत येऊ लागला. नकाशावर ती तीन वर्षं रिकामी दिसतात, पण बेणं राखलं गेलं ते त्याच वर्षांत.

आता दुसरी बाजू. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या. पुण्यापासून अटक सरळ रेषेत सुमारे १,७०० किलोमीटर आहे. केवढा पराक्रम! पण त्या मोहिमेहून राघोबादादा परतले ते कर्ज घेऊनच. एवढ्या लांबच्या मुलखातून वसुली करायची, तर तिथं कायमची फौज हवी आणि त्या फौजेला पगार हवा. १७६० साली सदाशिवरावभाऊ दिल्लीत पोचले, तेव्हा पैशाची इतकी ओढाताण होती की किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. सेनापतींचं ग्रंथालय विकलं गेलं, तसंच हे! पुढं पानिपतावर रसद तुटली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौज लढायला उतरली. पराभवाची कारणं आणखीही आहेत. पण रिकामी तिजोरी आणि रिकामं पोट ही त्यातली मोठी कारणं.

संगणक नसेल तरी हा खेळ घरी खेळता येतो. एक फासा आणि वाटीभर चिंचोके घ्या. प्रत्येकाकडे सुरुवातीला एक गाव, एक शिपाई आणि ४ चिंचोके.

१. आपली पाळी आली की दर गावामागे ३ चिंचोके घ्या. गावात बाजार असेल तर ५.
२. दर शिपायामागे १ चिंचोका परत करा. देता आला नाही तर तो शिपाई निघून गेला.
३. आता खरेदी. नवं गाव ६, बाजार ४, शिपाई २. एका गावात एकच बाजार.
४. शेवटी फासा टाका. १ पडला की शत्रू आला! गावांपेक्षा शिपाई कमी असतील, तर एक गाव गेलं.

अशा १२ फेऱ्या खेळा. ज्याची गावं जास्त तो जिंकला.

पहिल्याच फेरीत तुमच्या हातात ६ चिंचोके येतील. त्यात गाव घ्याल की बाजार? दोन्ही वाटांनी दोन-दोन फेऱ्या कागदावर मांडून बघा आणि काय दिसलं ते पत्रानं कळवा. नुसतं उत्तर नको, कारणही लिहा.

आई-बाबांना एक सांगायचंय. या खेळात “फक्त एकच चाल” म्हणता म्हणता ताट गार होतं. पण प्रत्येक चालीनंतर खेळ जपून ठेवून थांबता येतं. तेव्हा मिनिटं मोजण्यापेक्षा चाली ठरवून द्या. वीस म्हणजे वीस.

परवा सेनापतींचा फोन आला होता. नव्या डावात त्यांनी पाचच गावं वसवली, प्रत्येक गावात बाजार आणि वेशीवर पहारा. डाव काही जिंकला नाही, दुसरा नंबर आला. “पण काका, एकही गाव गेलं नाही,” ते म्हणाले. मागून मामांचा आवाज ऐकू आला, “आन् इच्यार त्येला, बेणं किती शिल्लक हाय?”

भेटू पुढच्या अंकात!