दुरुस्तीचे ज्ञान कोणाच्या मालकीचे?

निवृत्त प्राध्यापकाने काय करावे याविषयी आपल्या समाजात काही ठराविक कल्पना आहेत. त्याने सभांची अध्यक्षपदे भूषवावीत, आठवणी लिहाव्यात, फार तर एखाद्या ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर जावे. मी मात्र गेल्या पावसाळ्यात एका जुन्या मोटरसायकलचा कार्बोरेटर उघडून बसलो. त्या तीन दुपारींत जे दिसले ते अर्थशास्त्र शिकविण्यात घालविलेल्या तीस वर्षांत मला दिसले नव्हते. त्याचा संबंध आपल्या कार्यकर्त्यांच्या कामाशीही पोचतो, असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

मोटरसायकल शंभर सी.सी.ची. अधिव्याख्याता म्हणून नोकरी पक्की झाल्यावर १९८८ साली मी ती हप्त्याने घेतली होती. प्रकृतीच्या कारणाने अलीकडे ती दोन वर्षे नुसती उभी होती. नंतर किक मारली की चालू होई, पण रेस सोडताच बंद पडे आणि कार्बोरेटरच्या नळीतून पेट्रोल ठिबकत राही. एका मोठ्या सेवाकेंद्रात नेली, तर तेथील तरुणाने अत्यंत नम्रपणे सांगितले की, या गाड्यांचे काम आता आम्ही करीत नाही. ही देऊन नवी घ्या. शेवटी एस.टी. स्थानकामागे चाळीस वर्षे गॅरेज चालविणाऱ्या वस्तादांकडे गेलो. ते म्हणाले, "सर, गाडी ठेवून जाऊ नका. बसा आणि तुम्हीच उघडा. हात काळे होतील, पण पुढच्या खेपेला माझी गरज लागणार नाही." गिऱ्हाइकाला असलेली आपली गरज आपणहून कमी करणारा विक्रेता आमच्या पाठ्यपुस्तकांत कोठेच नव्हता.

कार्बोरेटर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. इंजिन हवा आत ओढते. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते. अरुंद जागी तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. कमी झालेल्या दाबामुळे खालच्या वाटीतील पेट्रोल पितळी जेटच्या छिद्रातून वर खेचले जाते व तुषार होऊन हवेत मिसळते. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पावणेपंधरा भाग हवा, हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. वाटीतील पातळी एक फ्लोट सांभाळतो. पेट्रोल वाढले की तो वर उचलला जातो आणि त्याच्यावरील सुई पेट्रोलची वाट बंद करते. सारा कारभार डोळ्यांना दिसणारा आणि बोटांना कळणारा आहे.

गाडी उभी राहिली की वाटीतील पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट पिवळसर थर उरतो. मंद गतीच्या जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असल्यामुळे तेच प्रथम बुजते. रेस सोडली की गाडी का बंद पडते, याचे उत्तर इतके साधे होते. ठिबकण्याचे कारण फ्लोटच्या सुईच्या झिजलेल्या टोकात सापडले.

वस्तादांनी शिकविलेला क्रम मी टिपून ठेवला आहे. प्रथम पेट्रोलचा कॉक बंद करावयाचा. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत फिरवून किती आट्यांवर टेकतो ते मोजावयाचे, कागदावर लिहावयाचे आणि मगच तो बाहेर काढावयाचा. जेटमध्ये पोलादी तार घालावयाची नाही. पितळ मऊ असते, आणि छिद्र एकदा मोठे झाले की तो जेट असेपर्यंत गाडी जास्त पेट्रोल पिते. फार तर विजेच्या वायरीतील तांब्याचा एकच धागा वापरावा. साफ करण्याचे द्रव फवारण्यापूर्वी रबरी भाग बाजूला ठेवावेत, एरवी ते फुगतात. मग हवा मारून प्रत्येक वाट मोकळी झाली की नाही हे दुसऱ्या टोकाला बोट धरून पाहावे. जेट उजेडाकडे धरला असता छिद्र पूर्ण गोल दिसले पाहिजे. कडक झालेल्या ओ-रिंगा, वाटीचे पॅकिंग आणि सुई नवीन घालावी. सर्व जोडून इंजिन गरम झाले की स्क्रू सावकाश फिरवून जेथे आवाज सर्वांत चढा व स्थिर लागेल तेथे थांबावे, आणि मग रेस बेताची करावी. पहिल्या दिवशी माझ्याकडून पॅकिंग खाचेतून निसटले, दुसऱ्या दिवशी पुन्हा सारे उघडले, तिसऱ्या दुपारी गाडी एका लयीत चालू लागली. त्या वेळी जो आनंद झाला तो माझ्या कोणत्याही शोधनिबंधाने मला दिलेला नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. १९८०च्या दशकाच्या मध्यास होंडा, सुझुकी, यामाहा आणि कावासाकी या जपानी कंपन्यांच्या सहकार्याने शंभर सी.सी.च्या मोटरसायकली आपल्याकडे तयार होऊ लागल्या. त्या काळी समाजवादी वर्तुळांत परकीय भांडवल, रॉयल्टी आणि आयात सुटे भाग यांवर वाद झाले, व ते आवश्यकच होते. परंतु तंत्रज्ञानाचे एक मोठे हस्तांतर कोणत्याही कराराच्या कलमाविना, रस्त्याच्या कडेला घडून आले. ज्याने कार्बोरेटर उघडला त्याला तो समजला, आणि ज्याला समजला त्याने हाताखालच्या पोराला शिकविला. राममनोहर लोहियांनी १९५२ साली पंचमढीच्या अधिवेशनात लहान यंत्राचा विचार मांडला, तो उत्पादनाच्या संदर्भात. त्या विचाराला आज एक कसोटी जोडावी असे मला वाटते: वापरणाऱ्याला आणि त्याच्या गावातील कारागिराला ते यंत्र उघडता व समजून घेता येते काय?

आम्हा अर्थशास्त्रज्ञांचे या कारागिराकडे किती लक्ष आहे, हे राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यांवरून कळते. तेथे दुरुस्तीला स्वतंत्र घर नाही. ती व्यापार, हॉटेले आणि उपाहारगृहे यांच्या ओळीत बसविलेली आहे. नवी गाडी विकली गेली की उत्पादन वाढले असे आपण मोजतो. जुनी गाडी आणखी दहा वर्षे चालली, तर देशाचे पोलाद, कुटुंबाची बचत आणि एका कारागिराचा रोजगार या तिन्ही गोष्टी राखल्या जातात. पण वाढीच्या आकड्यात तिचे कौतुक नाही. घसारा ही जमाखर्चातील एक नोंद आहे, असे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. त्या घसाऱ्याला रोज थोपवून धरणारे हात असतात, हे लिहिले नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या दुचाकींत कार्बोरेटरच्या जागी इंधन-अंतःक्षेपण, म्हणजे फ्युएल इंजेक्शन आले. त्यात संवेदक हवेचे व ज्वलनाचे मोजमाप घेतात आणि एक छोटा संगणक पेट्रोलची मात्रा ठरवितो. धूर कमी होतो. रस्त्यावरचा धूर सर्वांत जास्त कोण गिळतो? हातगाडीवाला, वाहतूक पोलीस आणि खुद्द गॅरेजवाला. म्हणून नव्या तंत्राला विरोध करणे हे आपले काम नव्हे. जुन्या यंत्राची स्मरणे आळवीत बसणेही नव्हे.

प्रश्न वेगळा आहे. वस्तादांना मी विचारले की, नव्या गाड्यांचे काय करता? ते म्हणाले, "ऑइल बदलतो, ब्रेक करतो. इंजिनचा दिवा लागला की हात जोडतो." तो दिवा का लागला हे वाचण्यासाठी स्कॅनर लागतो. बाजारात मिळणाऱ्या स्वतंत्र स्कॅनरना प्रत्येक गाडीची भाषा कळतेच असे नाही, आणि कंपनीचे साधन व माहितीपुस्तक अधिकृत केंद्रांपुरते राखलेले असते. यंत्र बदलले याचे दुःख नाही. पण ज्या ज्ञानावर चाळीस वर्षे एका माणसाचे घर चालले ते आता कुलपात आहे, आणि किल्ली विक्रेत्याकडे आहे.

ही तक्रार काल्पनिक नाही. मोटारगाड्यांच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना खुलेपणाने न मिळू दिल्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलांत गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे व वाहने आली. हे पाऊल स्वागतार्ह आहे, परंतु या साऱ्या चर्चेत हक्क मानला जातो तो प्रामुख्याने ग्राहकाचा. कारागिराच्या श्रमाचा हक्क हा तिचा दुसरा पाय आहे. तो आपण जोडला नाही तर कोणी जोडणार नाही.

घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले. आयात वाचते, उसाला गिऱ्हाईक मिळते. महाराष्ट्राला त्याचे मोल सांगावयास नको. पण नवी गाडी संवेदकाच्या साहाय्याने आपले मिश्रण थोडेफार सुधारून घेते. कार्बोरेटरचा जेट मात्र ठरलेला असतो, त्यामुळे मिश्रण विरळ होते. इथेनॉल ओलावा शोषते आणि जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालानेच जुन्या धर्तीच्या दुचाकींची इंधनक्षमता ३ ते ४ टक्के घटेल असे म्हटले होते. धोरणाचा लाभ राष्ट्राचा आणि पॅकिंग, ओ-रिंगा बदलण्याचा खर्च दूधवाल्याचा, अशी ही वाटणी आहे. ज्या वेळी जाणत्या हातांची गरज वाढली, नेमक्या त्याच वेळी आपण ते हात बाजूला सारीत आहोत.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक दुचाकीचे दुरुस्तीपुस्तक आणि दोषसंकेत मराठीत, सर्वांना खुले हवेत. निदानाची साधने कोणालाही वाजवी किमतीत मिळावीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी काम करणाऱ्या गॅरेजवाल्यांसाठी सायंकाळचे वर्ग चालवावेत. आणि सरकारची वाट न पाहता करता येण्याजोगे एक काम आपले आहे: एका गॅरेजला स्कॅनर परवडत नसेल, तर दहा गॅरेजांनी मिळून तो घ्यावा. सहकार म्हणजे केवळ साखर कारखाना नव्हे. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील गॅरेजांची नुसती यादी करून आणि त्यांच्यापाशी तासभर बसून आरंभ करावा.

निघताना वस्तादांनी किटचे पैसे घेतले, शिकविण्याचे घेईनात. मी आग्रह केला, तेव्हा त्यांनी विचारले, "सर, तुम्ही शिकवायचे पैसे घेत होता?" मी म्हणालो, "घेत होतो, आणि निवृत्तिवेतन अजून घेतो." ते हसले आणि हाताखालच्या पुतण्याला पुढची गाडी घ्यावयास सांगितले. ती नवी होती. तिचा दिवा लागलेला होता. पुतण्याने हात जोडले.