विहिरीआधी खडक वाचा

कसाऱ्याजवळ थळ घाटात काळ्या दगडाचा एक थर असा आहे, की त्याच्या अंगावर पांढुरक्या रेघा विखुरलेल्या दिसतात. जवळ गेले की कळते, या रेघा म्हणजे स्फटिक आहेत. बोटाच्या पेराएवढे, चपटे, आडवेतिडवे पडलेले. ते पाहायला भिंगही लागत नाही. एरवी बेसाल्टमधले स्फटिक नुसत्या डोळ्यांना क्वचितच दिसतात, कारण उघड्यावर आलेला लाव्हा लवकर थिजतो आणि स्फटिकांना वाढायला अवधीच मिळत नाही. कसाऱ्याचे हे स्फटिक वाढले ते जमिनीच्या पोटात, शिलारसाच्या कोठीत.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आजच्या शहापूर-मुरबाडचा मुलूख लाव्हाखाली जात होता. खोलवरचा खडक थोडाथोडा वितळला, की तो रस भोवतीच्या घन खडकापेक्षा हलका असल्यामुळे वर चढतो. वर कवचातला हलका खडक लागला, की त्याचा जोर ओसरतो आणि तो तिथेच साठतो. 1,100 ते 1,200 अंश सेल्सिअसच्या त्या साठ्यात हळूहळू स्फटिक धरतात. ऑलिव्हिनसारखी जड खनिजे तळाला बसतात. कसाऱ्याचे स्फटिक ज्या खनिजाचे आहेत, त्या प्लॅजिओक्लेजची घनता मात्र रसाच्या घनतेच्या आसपास असते. ते बुडत नाही, रसातच राहते आणि वाढत जाते. स्फटिक वाढण्याच्या वेगावरून बांधलेले अंदाज पाहिले, तर कसाऱ्याच्या स्फटिकांना एवढे व्हायला शेकडो ते हजारो वर्षे लागली असावीत.

मग कोठी फुटते कशी? खालून नवा, जास्त गरम रस आत शिरतो आणि दाब वाढतो. रसात विरघळलेले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बुडबुडे होऊन सुटू लागले, की तो आणखी वाढतो. छताच्या खडकाला हा ताण झेपेनासा झाला, की तो चिरतो आणि रस त्या चिरेत घुसतो. सिलिका जास्त असेल तर रस चिकट होतो, वायू आत कोंडतात आणि स्फोट होतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये सिलिका जेमतेम निम्मी. हा रस पातळ होता, त्यातले वायू सहज निसटत होते. म्हणून तो प्रामुख्याने लांबच लांब भेगांमधून बाहेर आला आणि थरावर थर देत पसरला. भूशास्त्रज्ञांनी या थरांच्या गटांना जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर अशी आपल्याच मुलखातली नावे दिली आहेत.

माहुलीचे सुळके किंवा गोरखगडाचा कातळ पाहून ‘हेच ज्वालामुखीचे तोंड’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते तोंड नव्हे. पावसापाण्याने भोवतालचे थर झिजवून नेले आणि मागे उरले ते हे अवशेष. उद्रेकाच्या वाटा शोधायच्या तर नजर खाली, माळरानावर वळवावी लागते. शहापूर, मुरबाड आणि कल्याणच्या पट्ट्यात थरांना छेदून उभ्या गेलेल्या बेसाल्टच्या भिंती आहेत. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. चिरेत घुसलेला रस तिथेच थिजला, की अशी भिंत तयार होते. त्यातल्या काहींमधून वर लाव्हा वाहिला, काही पृष्ठभागापर्यंत पोहोचल्याही नाहीत. आइसलँडमधल्या ग्रिंडाविक गावाखाली 10 नोव्हेंबर 2023 रोजी अशीच सुमारे 15 किलोमीटर लांबीची चीर काही तासांत रसाने भरली आणि गाव रातोरात रिकामे करावे लागले.

आपल्याकडच्या भिंती कधीच्याच थंड झाल्या आहेत, पण त्यांचे काम संपलेले नाही. अखंड, बिनभेगांची भिंत जमिनीखालच्या पाण्याला आडवी येते. तिच्या चढाकडच्या बाजूला पाणी तुंबते, उताराकडची बाजू कोरडी पडू शकते. भिंत भेगाळलेली असेल, तर तीच पाण्याची वाट होते. थरांचेही तसेच आहे. लाव्हाच्या एका थराचा वरचा भाग बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो, मधला कातळ ठार घट्ट. सच्छिद्र भाग कुजून भेगाळला असेल तर तिथे पाणी मुरते. घट्ट कातळात दोनशे फूट बोअर मारूनही हाती धूळच येते.

शहापूर तालुक्याची व्यथा नवी नाही. तानसा, मोडक सागर आणि भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवतात. मुंबईच्या सात तलावांच्या साठवणक्षमतेपैकी जवळपास निम्मी एकट्या भातसाची. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका टँकरची वाट पाहत उभ्या असतात. हा अन्याय आहे आणि तो आधी पाणीवाटपाचा आहे. पण स्थानिक विहिरी, बोअर आणि बंधारे यांवर होणारा खर्च खडक न पाहता झाला, तर त्या अन्यायात स्वतःच्या हाताने भर पडते. बोअरची जागा नारळ आणि काटकी फिरवून ठरवण्यापेक्षा डाइकची दिशा पाहून ठरवलेली कधीही बरी.

खडक वाचण्याचा उपयोग पाण्यापुरताच नाही. 1983 मध्ये भातसा जलाशय भरत असताना खर्डी परिसरात धक्क्यांची मालिका सुरू झाली. सप्टेंबरमधला सर्वांत मोठा धक्का 5 रिश्टरच्या जवळपास होता. असे धक्के बसले, की ‘ज्वालामुखी जागा होतोय’ ही अफवा हटकून उठते. इथल्या कोठ्या कोट्यवधी वर्षांपूर्वी थिजल्या. जलाशयाचे वजन आणि भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब यांनी जुन्या चिरा हलतात. भातसाचे धक्केही अशाच हालचालीचे होते. शाळेत हे नीट शिकवले गेले, तर लोक अफवेच्या मागे न धावता घराच्या भिंतींकडे लक्ष देतील.

समृद्धी महामार्गासाठी कसाऱ्याच्या याच घाटाखालून सुमारे आठ किलोमीटरचे जुळे बोगदे खोदले गेले. अशा खोदाईत थर, भेगा, डाइक आणि पाण्याच्या झऱ्यांच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. त्या नोंदी आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेची माहिती एकत्र करून पाडा ओळखता येईल इतक्या मोठ्या प्रमाणावरचा नकाशा काढावा आणि शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा. पुढचे बोअर, पुढचा पाझर तलाव आणि खडीच्या खाणीचा परवाना ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा तो नकाशा टेबलावर असलाच पाहिजे. खाणीच्या बाबतीत तर विशेष करून, कारण पाणी अडवून धरणारी डाइक एकदा फोडून ट्रकमध्ये भरली, की वरच्या अंगाच्या विहिरींचे पाणी परत आणण्याची सोय कोणत्याच योजनेत नाही.